दुकानात अडकलेली डिग्री

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पायल मुनेश्वर खताच्या पोत्यावर उभी राहून साठ्याचा फळा लिहीत होती. युरिया ४१२ पोती, डीएपी शून्य. महागावच्या या कृषी केंद्रात हा फळा रोज लिहावा लागतो. ते पदवीधराचं काम, असं मालक श्रीकृष्णभाऊंनी ठरवलं आहे. दुकानात पदवीधर एकच.

पायल सव्वीस वर्षांची आहे. कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची चार वर्षांची पदवी तिनं प्रथम श्रेणीत मिळवली. प्रवेश संस्थेच्या कोट्यातून झाला, म्हणून शिष्यवृत्ती लागू झाली नाही. फॉर्म भरताना हे कोणी सांगितलं नव्हतं. कर्ज तीन लाख साठ हजारांचं. पहिला हप्ता सुरू झाला तेव्हा व्याज चढून ते चार लाख नव्वद हजारांवर गेलं होतं. हप्ता सात हजार पाचशे पासष्ट, आठ वर्षं. सहकर्जदार म्हणून सही आईची, कांताबाईंची. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत.

पगार दहा हजार. कीटकनाशकाच्या परवान्यासाठी कृषी पदवीधर दाखवावा लागतो. त्यामुळे कामावर घेतानाच श्रीकृष्णभाऊंनी फोड करून सांगितली होती : डिग्रीचे दीड हजार, कामाचे साडेआठ. तालुक्यात याला 'डिग्री लावणं' म्हणतात. पायलची वर्गमैत्रीण केतकी बाभुळगावच्या एका दुकानात डिग्री लावून घरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिला महिन्याला अडीच हजार मिळतात, पोती मोजावी लागत नाहीत, आणि तिच्यावर कर्जही नाही. हप्ता आणि ऑटोचं भाडं वजा जाता पायलच्या हातात तेराशे पंच्याण्णव रुपये राहतात.

दोन वर्षांपूर्वी तिच्याकडून एक चूक झाली. 'झेरॉक्स पाहिली की तपासणीचे साहेब लोक शंका घेतात,' असं भाऊ म्हणाले आणि तिनं मूळ प्रमाणपत्र दिलं. फ्रेमवाल्यानं ते डिंकानं प्लायवूडवर पक्कं चिकटवलं आणि फ्रेम दुकानाच्या भिंतीवर लागली. फ्रेमचे एकशे ऐंशी रुपयेही तिनंच भरले.

आता यवतमाळला ठिबक संच विकणाऱ्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं आहे. पगार एकोणीस हजार, पेट्रोल वेगळं. मुलाखत शुक्रवारी साडेदहाला. येताना मूळ पदवी आणावी. सोमवारपासून तिनं भाऊंना तीनदा विचारलं होतं.

नऊला भाऊ आले. तिनं चौथ्यांदा विचारलं.

"भाऊ, मले एका दिवसासाठी डिग्री पाहिजे. उद्या."

"झेरॉक्स घेऊन जाय ना. कलर काढ, पैसे मी देतो."

"कलर झेरॉक्स चालत नाही म्हणे."

"अन् इथं कोणी तपासाले आलं तर? भिंतीवर काय दाखवू, खिळा?"

काउंटरपाशी सहा-सात गिऱ्हाईकं होती. त्यातले उकंडा काका तणनाशकासाठी अर्ध्या तासापासून उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, तुमी सोताच शिकून घ्या न एखादी डिग्री. पोरीची कायले धरून ठेवता?"

"काका, तुमी आधी मागची उधारी द्या, मंग मले शिकवा."

लोक हसले. पायल हसली नाही. कीटकनाशक आणि तणनाशकाच्या पावतीवर तिची सही लागते. तिनं पेनाला टोपण लावलं आणि पावतीपुस्तक मिटलं.

"हे काय करून राह्यली?"

"डिग्री नाही, तर सही बी नाही."

"धमकी देते काय?"

"धमकी कायची भाऊ? तुमीच सांगतलं होतं, डिग्रीचे दीड हजार वेगळे. या महिन्याचे ते दीड हजार देऊ नका."

"पोरगी धंदा शिकली राजा!" उकंडा काका मागच्या लोकांकडे वळून म्हणाले.

भाऊंनी रांग पाहिली. जुलैतल्या एका दिवसाचा गल्ला त्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, "घेऊन जाय. पण पगार फ्रेम परत आल्यावर. शनवारी आठ वाजता फ्रेम भिंतीवर, पगार तुया हातात."

पगार आज व्हायचा होता. उद्या दहा तारीख, हप्ता कापला जाण्याची. पायलच्या खात्यात आठशे बारा रुपये आहेत. हप्ता परत गेला की बँक पाचशे नव्वद रुपये दंड लावते आणि सहकर्जदार म्हणून कांताबाईंच्या फोनवर मेसेज जातो. नोकरी मिळेल की नाही हे कोणालाच माहीत नाही; दंड मात्र नक्की आहे. तिनं हे सगळं काउंटरवर उभ्या-उभ्याच मोजलं. भाऊंना ती एवढंच म्हणाली, "चालते."

मग तिनं पेन उघडलं आणि उकंडा काकांची पावती फाडली.

दुपारी दोनला गर्दी ओसरल्यावर तिनं फ्रेम उतरवली. कागद सोडवून पाहिला. एक कोपरा फाटायला लागला तेव्हा थांबली. काच काढून ठेवली आणि प्लायवूडसकट पदवी युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळली. कांताबाईंना फोन करून बँकेच्या मेसेजबद्दल आधीच सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "गाडी कितीची हाय?"

यवतमाळची गाडी सकाळी सहा वीसला आहे. तिकडून परतीची साडेपाचला.