गंगापूरला वाजलेला हर्णैचा फोन

"ती मानसं घावली का?"

मी फोन केला होता एक नोंद तपासायला. 'नमस्कार, आपल्या बोटीवरच्या रेडिओ यंत्राच्या नोंदणीसंदर्भात...' हे पाठ झालेलं वाक्य अर्धंच झालं होतं, तेवढ्यात पलीकडच्या बाईंनी हा प्रश्न टाकला. कोणती माणसं, मी विचारलं. "पान्यातली," त्या म्हणाल्या. पत्ता विचारला तर म्हणाल्या गंगापूर. म्हणजे आमच्या संभाजीनगरहून तासाभरावरचं, ऊस आणि कापसाचं गंगापूर. माझ्यासमोरच्या नोंदीतली बोट मात्र कोकणात, हर्णै बंदरातली होती.

आधी माझ्या कामाबद्दल सांगते, नाहीतर ही भटकंती कशासाठी हेच कळायचं नाही. सिडकोत आमचं छोटं ऑफिस आहे. किनाऱ्यावरच्या बोटींच्या नोंदी फोन करकरून दुरुस्त करायचं काम आम्हाला मिळालं आहे. बोटीवर एक लहानसं यंत्र असतं. संकटात त्याचं बटण दाबलं की त्या यंत्राचा क्रमांक उपग्रहामार्फत बचाव केंद्रात पोचतो. तिथला माणूस लगेच नोंद काढतो: बोट कुणाची, रंग कोणता, वर माणसं किती, आणि जमिनीवर कुणाला फोन लावायचा. तो फोन चुकीच्या घरी वाजला तर शोधणाऱ्यांना काहीच कळत नाही. आमच्या घराण्यात तीन पिढ्या रकाने भरण्यात गेल्या, पण ज्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे असा रकाना माझ्याच वाट्याला आला.

गंगापूरच्या या बाई म्हणजे कौसाबाई. कोकणातल्या कुणीतरी रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला नंबर फिरून त्यांच्याकडे आला होता. साहेब म्हणाले, 'रॉंग नंबर' अशी खूण करा आणि पुढची नोंद घ्या. खूण केली. पुढच्या नोंदीत मात्र लक्ष लागेना. त्या यंत्राचा इशारा पोळ्याच्या सुमारास आला होता, एवढंच माझ्या पडद्यावर दिसत होतं. त्यानंतर काय झालं ते आमच्याकडे येतच नाही. आता मार्गशीर्ष लागला होता. मी कौसाबाईंना पुन्हा फोन केला तर त्या म्हणाल्या, फोनवर कोण खरं सांगतं, समोर ये. आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. शनिवार-रविवारला दोन दिवस सुट्टी जोडली आणि निघाले.

गंगापूरला जाणार असाल तर मध्यवर्ती बसस्थानकातून एसटी घ्या, बायकांना अर्धं तिकीट आहे. वाळूजपर्यंत कंपन्यांची गर्दी, पुढे उसाच्या ट्रॉल्या. या दिवसांत ट्रॉलीच्या मागे अडकलात तर वेळेचा हिशेब सोडून द्यायचा. मला तो कधीच सोडता येत नाही, त्यामुळे दर दोन मिनिटांनी खिडकीतून मान बाहेर.

कौसाबाईंची वस्ती गावाबाहेर. साठीच्या आसपासच्या, चटपटीत बाई. मुलगा वाळूजला कंपनीत आहे, हा फोन त्यानेच घेऊन दिलेला. मी बसायच्या आतच पिठलं-भाकरी समोर आली. मग त्यांनी सांगितलं ते असं. पोळ्याचा आदला दिवस, बैलांची खांदेमळणी चालू. हात हळदीतुपाचे. फोन वाजला, कुणीतरी हिंदीत विचारत होता, बोट समुद्रात आहे का, वर किती लोक आहेत. त्यांना वाटलं हे ओटीपीवाले. रॉंग नंबर म्हणून कट केला. परत वाजला, परत कट.

"मग निजल्यावर ध्यानात आलं," त्या म्हणाल्या. "फसवनारा पैशाचं इचारतो. ह्यो तर मानसं किती ते इचारत व्हता."

दुसऱ्या दिवशी मुलाकडून त्यांनी त्या नंबरवर पुन्हा पुन्हा फोन लावून घेतला, लागला नाही. तेव्हापासून फोन सतत जवळ, शेतात गेल्या तरी. मुलगा म्हणतो नंबर बदलू. त्या बदलू देत नाहीत, कारण तो माणूस परत फोन करील. इतक्या दिवसांत कुणीच केला नव्हता. केला तो मी, तोही पत्ता तपासायला. मला फार वाईट वाटलं.

निघताना त्यांनी फडक्यात बांधलेली गुळाची लहान ढेप माझ्या हातात दिली.

"मानसं असली तर दे. नसली तर माघारी आन. दुःखाच्या घरी गोड न्हेऊ नाय."

गंगापूरहून संभाजीनगर, तिथून पुण्याची बस. पुण्यात वाकडेवाडीला उतरल्यावर स्वारगेटपर्यंत रिक्षा करावी लागते, रिक्षावाल्याशी घासाघीस करायची तयारी ठेवा. स्वारगेटहून दापोलीची एसटी. ताम्हिणी घाट या ऋतूत सुंदर असतो म्हणे. मला आठवतं ते फक्त मांडीवरचं ओझं. गुळाला मुंग्या लागतील म्हणून पिशवी खाली ठेवावीशी वाटेना, आणि मांडीवर असली की एकच विचार: ही परत न्यावी लागली तर? शेजारच्या काकू माणगावपर्यंत मुलीच्या लग्नाचं सांगत होत्या, मी नुसतं हो हो करत होते.

दापोलीहून हर्णै जवळच आहे, एसटी मिळते. घरगुती खोली आठशे रुपयांत मिळाली, जेवण वेगळं. मी पक्की शाकाहारी, त्यामुळे हर्णैला जाऊन आमटी-भात आणि सोलकढी मागणारी मी एकटीच असेन. घरमालकीणबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

दुपारनंतर किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो. तो चुकवू नका. बोटी लांब नांगरलेल्या, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि मासळी आणायला बैलगाड्या थेट पाण्यात शिरलेल्या. बैल पोटापर्यंत समुद्रात निवांत उभे. मी फोटो काढला आणि लगेच चौकशीला लागले. बोटीच्या नावात अडचण अशी की देवीच्या त्या एकाच नावाच्या पाच-सहा बोटी निघाल्या. मालकाचं नाव सांगितल्यावर एक बर्फवाला म्हणाला, ती होय, ती बरेच दिवस दिसली नाही. मालकाच्या बायकोला विचारा म्हणून त्याने लिलावाकडे हात केला. 'बायकोला' हा शब्द ऐकून मी गुळाची पिशवी छातीशी धरली.

नंदा कोळंबीचे वाटे लावत होती. माझ्याच वयाची, कपाळावर भलंमोठं कुंकू. ते कुंकू पाहून मी तिथेच वाळूत बसले. बोट मासेमारीला गेली होती, आज संध्याकाळी यायची होती, बाकी काही नाही. मग पोळ्याच्या आदल्या दिवसाचं विचारलं. आधी तिला आठवेना, मग ती एकदम हसली.

मोसम नुकता सुरू झाला होता. वारं सुटलं म्हणून बोट नांगरून ठेवली होती, केबिनला रंग द्यायचं काम चाललं होतं. रंगवताना कुणाच्या तरी हाताने बटण दाबलं गेलं आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"आम्ही सगळे घरी जेवत होतो," नंदा म्हणाली.

शोधणारं जहाज मात्र निघालं होतं. बोट बंदरातच आहे हे सांगणारं कुणी त्यांना फोनवर सापडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बचाव केंद्राचा एक माणूस येऊन खूप बोलून गेला, आणि या लोकांनी ते विसरूनही टाकलं. मला हसू यायला हवं होतं, पण आला राग. कौसाबाईंनी हळदीच्या हाताने फोन कट केला तेव्हा ही मंडळी वरण-भात कालवत होती. मी नंदाला सगळं सांगितलं, चढ्या आवाजात. गंगापूर, खांदेमळणी, शेतातही बरोबर न्यायचा फोन, आणि ही ढेप.

नंदाचं हसू थांबलं. लिलावातली एक बाई भाव विचारत होती, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही.

नोंद दुरुस्त करायला घेतली. जमिनीवरचा नंबर कुणाचा देऊ, विचारलं. तिने नवऱ्याचा सांगितला. तो तर बोटीवर असणार. मग दिराचा सांगितला. तोही बोटीवरच. सासऱ्यांचा नंबर तिच्या ओठावर आला आणि तेही बोटीवरच असतात म्हणून ती स्वतःच थांबली.

"किनाऱ्यावर मीच असते," ती म्हणाली. "पण माझा कधी कुणी मागितलाच नाही."

तिचा नंबर लिहिला. दुसराही लागतो, पहिला उचलला नाही तर. लिलावाच्या गलक्यात फोन ऐकू येत नाही, हे नंदानेच कबूल केलं. दुसरं कोण, असं विचारलं तर ती ढेपेकडे बघत राहिली.

"तो जुना नंबर आहे तसाच राहू दे," ती म्हणाली. "त्यांना सगळं नीट सांगून ठेवा. आमची एवढी काळजी दुसऱ्या कुणी केली नाही."

तेवढ्यात बोट आली. निळी, पिवळा पट्टा, सात माणसं. मी ती एकेक करून मोजली. नंदाने टोपलीच्या काठावर गूळ फोडला, पहिला खडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि मग सातही जणांच्या हातावर ठेवला. त्यांना कशाचा ते कळलं नाही. मासळीच्या हातांनीच खाल्ला.

परतीच्या बसमधून गंगापूर फाट्याला उतरले आणि काळीपिवळी जीप धरली. कौसाबाईंनी आधी पिशवीकडे पाहिलं. त्यात नंदाने दिलेला नारळ होता, गूळ नव्हता. त्या खाली बसल्या. मी सगळं सांगितलं, जेवणाचंही. वाटलं, आता चिडतील. त्यांनी डोळे पुसले.

"जेवत व्हती व्हय? बरं झालं माय. पोटात घास व्हता त्येंच्या."

मग बैलांचा फोटो बघून त्यांनी विचारलं, खारं पाणी खुरांना लागत नाही का. मला माहीत नव्हतं. दुसरा नंबर म्हणून राहायला मात्र त्या लगेच तयार झाल्या. बोटीचं नाव, निळा रंग, पिवळा पट्टा, सात माणसं, सगळं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. नंदाचा नंबर मुलाकडून फोनमध्ये भरून घेतला.

खर्चाचं विचाराल तर चार दिवसांत साडेतीन हजारांच्या आत भागलं. हर्णै सावकाश बघायचं असेल तर आणखी एक दिवस ठेवा, मी किल्ल्यावर गेलेच नाही. ऑफिसात 'रॉंग नंबर' ही खूण मी काढली. साहेबांनी विचारलं, गंगापूरच्या बाईचं बोटीशी नातं काय लिहिलंत? 'परिचित' लिहिलं होतं.

परवा संध्याकाळी टीव्हीवर पट्टी आली: किनाऱ्यावर वादळी वारे, मच्छीमारांनी परत यावं. माझं जेवण तसंच राहिलं. घरभर फेऱ्या मारत नंदाला फोन लावला, व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. निदान कौसाबाईंशी बोलावं म्हणून गंगापूरला लावला.

तोही व्यस्त.

मी फोन ठेवला आणि ताटावर बसले.