पेडलवरचा पाय

रविकुमारचं नाव निघालं की काशाप्पाच्या पोटात दुखायचं. हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं आणि बायकोला सांगण्यासारखं तर त्याहून नव्हतं, कारण त्याचं मूळ बायकोच्याच पायात होतं.

गोष्ट नीट कळायला आधी क्लचपासून सुरुवात करावी लागेल. जुन्या पिकअपचा क्लच तेलावर चालतो. पेडल दाबलं की डबीतलं तेल नळीतून खाली गिअरबॉक्सपाशी जोर लावतं आणि क्लच सुटतो. त्या नळीत हवा शिरली की पेडल लोण्यात बोट घातल्यासारखं खाली जातं, गिअर पडत नाही, आणि ड्रायव्हर भर रस्त्यात उभा राहून गाडी विकणाऱ्याचा उद्धार करत बसतो. हवा काढणं तसं अवघड नाही. पण ते एकट्यानं होत नाही. एकानं वर बसून पेडल दाबायचं आणि दाबूनच धरायचं. दुसऱ्यानं गाडीखाली उताणं पडून निपल, म्हणजे हवा सोडायची छोटी तोटी, पान्यानं ढिलं करायचं. फसफस करत हवा आणि तेल बाहेर आलं की निपल आवळायचं, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला तर बाहेर गेलेली हवा गुपचूप परत आत येते आणि सगळ्या कामावर पाणी पडतं. म्हणजे खालच्याचा शब्द आणि वरच्याचा पाय यांचं जमलं पाहिजे.

कमलनगरात काशाप्पाचं असं जमलं होतं ते बाणूबाईशी, त्याच्या बायकोशी.

काशाप्पाच्या घराण्यात गाड्यांचा संबंध नव्हता. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले, वडील मेंढरं विकून दुसऱ्याच्या शेतात राबले. काशाप्पा मिसरूड फुटायच्या आधीच उदगीरला एका उस्तादाकडं जाऊन राहिला. उस्ताद दखनीत शिव्या द्यायचा आणि शिव्यांतूनच काम शिकवायचा. काशाप्पानं दोन्ही मन लावून उचललं. लग्न झाल्यावर कमलनगरला येऊन त्यानं रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं. मागं दोन खोल्या, पुढं गॅरेज. हाताला गुण होता, पण तोंडापुढं एकही हाताखालचा माणूस टिकेना. असाच एक जण सकाळी पान्यांची पेटी रस्त्यावर फेकून निघून गेला आणि त्याच दुपारी एक जीप क्लचसाठी येऊन उभी राहिली. बाणूबाई भाकरी घेऊन आली होती. काशाप्पानं इकडं तिकडं पाहिलं, दुसरं कुणीच दिसलं नाही, तेव्हा तिलाच म्हणाला, बस वर.

ती पदर खोचून बसली. काशाप्पा गाडीखालून ओरडला, तिनं दाबलं. पुन्हा ओरडला, तिनं सोडलं. काम एका झटक्यात झालं. शेडमधल्या पोरांचा पाय कधी आधी उठायचा, कधी अर्ध्यावरच थांबायचा. बाणूबाईचा पाय शब्दाशिवाय हलत नव्हता. तेव्हापासून क्लच आला की ती हातातलं पीठ झटकून यायची. लोकांनाही त्याची इतकी सवय झाली की औरादकडचे ड्रायव्हर फोनवर काशाप्पा आहे का हे नव्हे, बाणूअक्का घरी आहे का, असं विचारायचे. आणि काशाप्पा? तो तिला आपल्या आठ नंबरच्या पान्यासारखी धरून चालला. पाना हाताशी असतोच, त्याचं कौतुक कशाला करायचं.

मग रविकुमार आला. हा नौबादचा. बीदरला मोठ्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढून त्यानं काशाप्पाच्या शेडपासून तिसरं शटर भाड्यानं घेतलं. कन्नडमध्ये आणि मराठीत रंगवलेला बोर्ड लावला. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, गाडीखालून बाहेर आला तरी केस जागच्या जागी. काशाप्पाला खरा राग त्या केसांचा होता, पण तो बोर्डाला नावं ठेवून मोकळा व्हायचा.

रविकुमारकडं अजून माणूस नव्हता. पहिलाच क्लच आला तेव्हा तो शेडशी येऊन हात जोडून उभा राहिला आणि अक्का जरा पेडलवर येतील का म्हणून विचारलं. वर काशाप्पाला दाजी म्हणाला. विचारल्यावाचून हा माणूस मेहुणा होऊन बसला, हे काशाप्पाला मुळीच रुचलं नाही. पण गिऱ्हाईकं बघत होती. मोठेपणा दाखवायची खोड असतेच. तो म्हणाला, जा की, त्यात काय.

त्यात बरंच काही निघालं. बाणूबाई परत आली ती वेगळ्याच चेहऱ्यानं. ज्वारीची भाकरी थापता थापता तिनं सांगितलं की रवी लई नरम बोलतो, दाबा अक्का म्हणतो. काम झाल्यावर गिऱ्हाईकाला म्हणाला, अक्कांच्या पायामुळं झालं बघा. हे सांगताना ती गालात हसली. काशाप्पानं हातातला घास ताटात परत ठेवला.

त्याला तिचा संशय आला असं कुणी समजू नये. तसला माणूस तो नव्हता. तसला असता तर निदान आरडाओरडा तरी करता आला असता. इथं आरडाओरडा करायला काही निमित्तच नव्हतं. बायको शेजारच्याच्या गाडीत बसून क्लच दाबते आणि खूश होऊन घरी येते, ही तक्रार चार माणसांत कशी मांडायची? तो आतल्या आत धुमसत राहिला. रविकुमार येताना दिसला की काशाप्पा मुद्दाम बाणूबाईला काम सांगायचा. कधी चहा टाक म्हणायचा, कधी धुतलेले पाने पुन्हा धुवायला द्यायचा. ती चहा टाकायची, पाने धुवायची आणि मग तिकडं जायचीच. तिकडून तिच्या हसण्याचा आवाज आला की काशाप्पा हातातला नट उगाच जास्त आवळायचा. एकदा तर बोल्ट मोडला. तो स्वतःलाच विचारायचा की ही आपल्या गाडीत बसून कधी हसली होती का, आणि उत्तर आठवत नसल्यामुळं आणखी चिडायचा.

अशात प्रभुलिंग आला. जवळच्याच गावचा, भाजीचा व्यापार करणारा. त्याची पिकअप काशाप्पाच्या हाताखालून वर्षानुवर्षं गेलेली, पण हल्ली तो इस्त्रीच्या शर्टाकडं जाऊ लागला होता. त्या सकाळी टोमॅटो आणि कोथिंबीर भरून तो बीदरला निघाला आणि कमलनगरात शिरताच क्लच बसला. गाडी कशीबशी रविकुमारच्या दारात येऊन थांबली.

थोड्या वेळानं रविकुमार नेहमीसारखा शेडशी आला. बाणूबाई बाहेर भांडी घासत होती, ती हात धुवायला उठलीच होती. काशाप्पा मधेच म्हणाला की तिला काम आहे, मीच येतो. रविकुमार ओशाळला. दाजी, तुम्ही कशाला, असं काहीतरी पुटपुटला. एवढा जुना मिस्त्री दुसऱ्याच्या गॅरेजात पेडल दाबायला निघाला, हे बघून बाणूबाईही राखेचा हात तसाच धरून बघत राहिली.

काशाप्पा केबिनमध्ये बसला. दार उघडंच होतं. खालून रविकुमारचा आवाज आला, दाबा दाजी. त्यानं दाबलं. धरा दाजी. त्यानं धरलं. इतका गोड आवाज ऐकून त्याचं डोकं फिरलं. हाच तो नरमपणा, ह्याच्यावरच ही भाळली. आणि खालून सोडा म्हणायच्या आधीच त्याचा पाय वर आला.

पहिल्या वेळी तो आपोआप आला, असं म्हणू या. पुढच्या वेळी त्यानं तो जाणून उचलला. रविकुमारचा पाना अजून फिरायचा होता तेवढ्यात उचलला, अगदी बेतानं, कुणाला कळू न देता. हवा आत गेली. रविकुमारनं पुन्हा केलं, पुन्हा तेच. डबीत तेल ओतून ओतून बाटली संपली, पेडल होतं तसंच. काशाप्पाला असं सुख कित्येक दिवसांत झालं नव्हतं. तोंड मात्र त्यानं काळजीचं ठेवलं होतं.

शेवटी रविकुमार बाहेर आला. यावेळी केस विस्कटलेले होते. वरच्या सिलिंडरची रबरं गेली असणार, किट बीदरहून मागवावं लागेल, गाडी उद्या मिळेल, असं त्यानं सांगितलं. प्रभुलिंग भडकला. उद्यापर्यंत कोथिंबीर कोण घेणार म्हणाला. इथं शिकायला कशाला बसलास, बीदरलाच राहायचं होतं, असंही म्हणाला. रस्त्यावरच्या माणसांनी ते ऐकलं. रविकुमार मान खाली घालून हात पुसत राहिला. मग प्रभुलिंगनं काशाप्पाकडं वळून हात जोडले, तुम्हीच बघा म्हणाला, आणि चौघांनी ढकलत गाडी काशाप्पाच्या शेडपुढं आणली.

काशाप्पा ताठ मानेनं पुढं चालत आला. रविकुमारचं उतरलेलं तोंड त्यानं डोळे भरून पाहिलं होतं. आता फक्त हवा काढायची होती आणि कमलनगरला कळणार होतं की खरा मिस्त्री कोण. त्यानं बाणूबाईला हाक मारली. ती आली, पदर खोचून वर बसली. तो गाडीखाली शिरला, निपलला पाना लावला आणि ओरडला, "दाब."

काही झालं नाही. तो पुन्हा ओरडला. तरी काही झालं नाही. मग वरून, त्याच्यापुरत्याच आवाजात, बाणूबाईनं विचारलं.

"रवी सोडा म्हणायच्या आधी तुम्ही पाय कामून उचलायलताव?"

काशाप्पाच्या हातातला पाना तसाच राहिला. गाडीचं दार उघडं होतं, ती भांड्यांपाशी होती, तिला सरळ दिसत होतं. आणि कमलनगरात दुसऱ्या कुणालाही दिसलं असतं तरी कळलं नसतं. पाय कधी उठावा हे कळणारं माणूस एकच होतं.

त्यानं पडल्या पडल्या विचार केला. प्रभुलिंग समोरच उभा होता. त्याला वर बसवलं असतं तरी काम झालं असतं, पेडल काय कुणीही दाबू शकतं. टोमॅटो बीदरला गेले असते, नाव झालं असतं. पण बाणूबाई एकदा अशी खाली उतरली तर परत त्या सीटवर बसणार नाही, एवढं त्याला तिच्या आवाजावरून समजलं. त्यानं निपलवरचा पाना काढला. मग गाडीच्या पोटाकडं बघत म्हणाला, "तू त्याच्याकडं गेलीस की मला बघवत न्हाई."

प्रभुलिंग घाई करत होता, त्याला काही ऐकू जात नव्हतं.

"मग मला म्हणायचं व्हतं," बाणूबाई म्हणाली. "त्या लेकराचं नाव कामून घालवलाव? प्रभुलिंगअण्णाला सांगा जावा."

काशाप्पा सरपटत बाहेर आला. अंगावरची माती झटकायलाही त्यानं वेळ लावला. मग त्यानं प्रभुलिंगला सांगितलं की रबरं चांगली आहेत, किट लागणार नाही, रवीचं काही चुकलं नाही, मीच पाय आधी उचलत होतो. प्रभुलिंगला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तो काशाप्पाकडं असा बघत राहिला की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. मग त्यानं माणसांना परत हाका मारल्या आणि गाडी पुन्हा तिसऱ्या शटरपुढं गेली. बाणूबाई तिच्यामागं चालत गेली.

काशाप्पा शेडच्या तोंडाशी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसला. गाड्यांची ये-जा जरा थांबली होती आणि तिकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"दाबा अक्का."

"दाबलं."

"धरा."

"धरलंय."

"सोडा."

"सोडलं."

शब्दाला शब्द. ती उत्तर देत होती. खालच्या माणसाला वरचं दिसत नाही, म्हणून प्रत्येक वेळी सांगत होती. काशाप्पाच्या काळजाला जो चरका बसला तो आधीच्या सगळ्या जळफळाटाहून मोठा होता. हसण्याचं त्यानं कसंबसं पचवलं होतं. हे पचण्यासारखं नव्हतं. इतकी वर्षं ती त्याच्या डोक्यावर बसली, आणि हे बोलणं तिनं त्याच्यासाठी कधी केलं नाही.

गाडी बीदरच्या दिशेनं गेली, गिअर नीट पडल्याचं कानाला कळलं. बाणूबाई परत आली आणि भांड्यांपाशी बसली. काशाप्पा तिच्यामागं जाऊन उभा राहिला. काही बोलू नये असं त्यानं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"त्याला दाबलं, धरलं, समदं सांगायलतीस," तो म्हणाला. "मला एकदा तरी कधी सांगितलीस का?"

बाणूबाईनं हातातली परात खाली ठेवली आणि पहिल्यांदाच नवल वाटल्यासारखं त्याच्याकडं पाहिलं.

"पहिल्या जीपपासनं सांगायले की," ती म्हणाली. "तुम्ही खालून वरडायलाव, तुम्हाला कुठलं ऐकू यावं."