पितळी मुखवट्यावरची चमक

उघड्यावर ठेवलेल्या चकचकीत पितळेचे छायाचित्र चमक न येता कसे घ्यावे, हा माझा प्रश्न होता. तो अक्कामुळे पडला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. इंदिरानगरला मुलाकडे अंथरुणाला खिळलेली. आमच्या बनशंकरी भागातल्या घरच्या देवीचा मुखवटा तिला एकदा पाहायचा होता. मुखवटा आवाराबाहेर न्यायचा नाही, हा घरचा शिरस्ता. आणि अक्काला उठवून आणणे आता शक्य नव्हते. उरले छायाचित्र.

देवघरात उजेड पुरेना, म्हणून मुखवटा परसात आणला. देवीला मळक्या तोंडाने कसे दाखवायचे, असे वाटून आधी चिंचेने लख्ख घासला. चूक तिथेच झाली. घासलेले पितळ आरसाच असते. कपाळावर सूर्याचा पांढरा डाग, गालावर मोबाइल धरलेला मी. भाच्याने पोलरायझर, म्हणजे भिंगापुढे फिरवायची काच, आणून दिली. तिने दारातल्या मोटारीच्या काचेवरचे आभाळ नाहीसे केले. पितळेवर मात्र काहीच फरक पडला नाही. उघड्या धातूवर तिचा उपयोग होत नाही, हे तेव्हा कळले.

चकचकीत वस्तू समोर असेल तेच दाखवते. तेव्हा समोरचेच बदलायला हवे होते. मुखवट्याच्या वर धुतलेले पांढरे धोतर ताणून बांधले, तसे ऊन मवाळ झाले. मी काळ्या छत्रीआड दडलो आणि कडेने फक्त भिंग बाहेर काढले. झिजलेले नाक, कपाळावरची कोरीव चंद्रकोर, सारे स्पष्ट आले.

इंदिरानगरला नेलेले ते चित्र अक्काने बराच वेळ पाहिले.

"स्वल्प अंधार झालाय रे."

मी समजावले की अंधार नाही, चमक काढली आहे.

"आई घासायची तेव्हा आपण सगळी देवीच्या गालात दिसायचो. ह्यात कुणीच नाही."

फसलेले पहिले चित्र मोबाइलमध्ये राहिले होते. ते पुढे केले. पांढऱ्या डागाखालच्या वाकड्यातिकड्या आकृतीवर तिने बोट ठेवले.

"हा तू."

मग तिने तेच चित्र उशाशी ठेवायला मागितले. ते छापून आणेपर्यंत ती राहिली नाही.

धोतर आणि छत्री यांचा उपाय बरोबर आहे, असे माझे मत आजही आहे. तरी वाचकांनी चित्र दोन्ही प्रकारे घ्यावे, ज्याच्यासाठी घेतले त्याला दाखवावे आणि स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती.