रक्तातून आलेलं

आमचे वडील, आप्पा, भर चाळिशीत गेले तेव्हा गावाकडचे म्हणाले, या घराण्याला शाप आहे. नंतर बोईसरला कारखान्यातली पाळी संपवून हातपाय धूत असताना दादाच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सारं संपलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगून फुटली, असं डॉक्टर म्हणाले. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला फक्त दादा हवा होता. जिन्यात चपला वाजल्या की अजून वाटे, आला.

वहिनीच्या आग्रहाने केळव्याच्या देवीची ओटी भरायला गेले, पण हात जोडवेनात. जिने माझा भाऊ राखला नाही, तिच्याकडे काय मागायचं? बाहेर तळ्याच्या पायरीवर रडत बसले. नवस फेडायला आलेली माकुणसारची एक बाई शेजारी येऊन टेकली.

"कोन गेलंय तुजं?"

अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं. आप्पांचंही. ती दचकलीच.

"माज्या लेकाची तीच नस फुगलेली. रक्तातून येतं म्हनं, म्हनून डॉक्टरांनी आमा सगल्यांना तपासलं. तू तपासलंस?"

"मला काही होत नाही."

"त्याला तरी कुटं काय होत होतं?"

त्या वाक्याने मला घरी स्वस्थ बसू दिलं नाही. तपासणीत माझीही रक्तवाहिनी फुगलेली निघाली, फुटायच्या बेताला आलेली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. भूल चढताना माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. तेव्हा कुठे, इतक्या महिन्यांनी, मनातल्या मनात हात जुळले. दादाच्या लेकीलाही तपासलं. तिच्यात सुरुवात आहे. गोळ्या आणि दरवर्षीची तपासणी एवढ्यावर निभावतंय.

बरी झाल्यावर मी माकुणसारला त्या बाईचं घर शोधत गेले. पाया पडू लागले तर तिने खांदे धरले. "मी काय केलं? देवीनंच मला तुज्याजवल बसवलं." मग तांदळाची भाकरी वाढून समोर बसली.

मला हवं होतं ते देवीने दिलं नाही. दादा येणार नाही, हे आता कळतं. वळत मात्र नाही. पण त्याची लेक हसली की हुबेहूब त्याच्यासारखा तिचाही डावा डोळा बारीक होतो. शापाबरोबर हेही रक्तातूनच आलं. मी तिच्याकडे बघत राहते. काही मागत नाही.