आमी गप बसलो, म्हून मंजूर

"ए, ऊठ. साहेब बसतील तितं."

मी उठले. शिपायानं फडकं काढलं आन मी बसलेली खुर्ची पुसली. पाठ पुसली, हात पुसले. मग तालुक्याचे साहेब बसले. आमी वाडीच्या बाया खाली, भिंतीला टेकून. माझ्या अंगाची आग आग झाली.

बैठक खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत व्हती. डोंगरावरची आमच्या वाडीची शाळा बंद करायची, पोरं खाली आणायची.

"समूह शाळा होईल. टीव्ही, प्रयोगाचं साहित्य, फिरते शिक्षक. सगळ्या वाड्यांना सामायिक," साहेब म्हनले.

सामायिक! आमच्या शाळेचा टीव्ही असाच सामायिक म्हून खाली नेला. मग आमची पोरं बगायला आली, तर त्यांना दाराच्या भाईर बसवलं, चपलांपाशी. माझी लेक त्यात व्हती. घरी येऊन जेवली न्हाई. आन मधी वढा हाय. पावसाळ्यात छातीएवढं पानी. शाळेची गाडी वढ्याच्या पल्याडच थांबनार.

"कुणाची हरकत?"

आमी समदी माना खाली घालून गप. आमच्यात पाव्हण्याच्या तोंडावर न्हाई म्हनत न्हाईत. मान खाली घालायची, गप ऱ्हायचं. त्योच नकार. वाडीतलं शेंबडं पोर बी वळखतं.

"हरकत नाही. मंजूर."

आमचीच रीत आमच्या मुळावर आली की! मी उबी ऱ्हायले.

"मंजूर न्हाई, साहेब. माझी लेक वढ्यातनं येनार न्हाई."

खालच्या गावच्या शाळा कमिटीचे आबा हसले. त्यांच्याच खाचरात आमी भात लावतो.

"लय शानी झालीस व्हय गं? उद्यापास्नं लावणीला येऊ नगंस."

"न्हाई येत."

मागनं माझी सासू बोलली, "मी बी न्हाई येत." जल्मात पयल्यांदा ती गावासमोर बोलली.

त्या दिशी ठराव अडला. पन गुरुजी आता कदीमदी येत्यात. बाकडी बी खाली गेली. परवा बगितलं तर शाळेच्या आंगणात चुन्याच्या रेघा, पार कड्यापतोर. कुनी मारल्या, कोन सांगंना. कड्यावरनं धरणाचं पानी दिसतं. शेजारच्या डोंगरावर बी आधी अशाच रेघा पडल्या, आता तितं बंगलं झाल्यात. दुपारची एक काळ्या काचंची गाडी येती, हुबी ऱ्हाती. कोन उतरत न्हाई. काच बी खाली व्हत न्हाई. निगून जाती.

मला भ्या वाटतं. खोटं कशाला बोलू? सासूला बी वाटतं. ती आता नातीला एकटी सोडत न्हाई.

पन रोज सकाळी शाळंचं कुलूप मीच काढते. गुरुजी आलं तर आलं, न्हाई तर पोरांकडनं पाढं मी म्हनून घेते. गाडी आली की पोरं खिडकीशी पळत्यात. मी वरडते, "बसा खाली! मोठ्यानं म्हना!"

गाडीतल्यांनी ऐकून घ्यावं. पाडायची आसंल शाळा, तर पयलं मला दारातनं उचलावं लागंल.