काचेबाहेरची थंडी

कासमभाई गाडीची काच बोटांच्या पेरांनी तीनदा वाजवायचे आणि दोन पावलं मागे सरून, हात पाठीशी बांधून उभे राहायचे. आत मी. हीटर पूर्ण चालू, डोक्याला मफलर, पायांत मोज्यांवर मोजे, मांडीवर थर्मास. बाहेर रास अल खैमाकडचं गाफच्या झाडांचं रान, जानेवारीतली सकाळ, आणि धुक्यात शेकोटीभोवती हुंदडणारी माझी दोन मुलं नि त्यांचा बाप. मी काच चार बोटं खाली करायची.

"वहिनी, थंडी काय टीव्हीवर बघायची चीज आहे? वर्षातनं दोन महिने मिळते, ती पण फुकट. बाहेर या!"

"आलेच," म्हणून मी काच वर करायची. आमच्या पुण्याच्या थंडीपुढे ही कसली थंडी, असं दुबईभर सांगत हिंडणारी बाई मीच, आणि गाडीतून न उतरणारीही मीच. आता अल रीम बेटावर मुलाच्या घरी नातीला हे सांगते, तर ती विचारते, "आजी, व्हाय डिडन्ट यू जस्ट गेट आउट ऑफ द कार?" काय सांगणार? तुझी आजी मूर्ख होती, असं सांगते. ते तिला लगेच पटतं.

कासमभाई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. आमच्या ह्यांच्या ऑफिसात ड्रायव्हर. आठवडाभर ते 'साहेब' म्हणायचे, पण थंडीत, सुट्टीच्या शुक्रवारी आमच्या मोठ्या गाडीचं चाक हातात आलं की साहेब ते. पहाटे दुबईच्या ऊद मेथा भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली उभे राहून "यल्ला, यल्ला!" करत सगळ्यांना हाकायचे.

पहिल्याच वर्षी वाळूच्या तोंडाशी गाडी थांबवून ते चाकांची हवा सोडायला लागले. मी आतून ओरडले, "अहो, चांगल्या चाकांची हवा काय काढताय? परत कोण भरणार?" आमचे हे बायकोच्या आज्ञेतले. म्हणाले, राहू दे कासम. शंभर पावलांवर गाडी पोटापर्यंत रुतली. कासमभाई खाली उतरले. माझी कणीक मळायची परात मागून घेतली आणि तासभर वाळू उपसली. मग कपाळ पुसत म्हणाले, "वाळूत ताठ चाक चालत नाही, वहिनी. थोडं ढिलं केलं की झालं." हे चाकाविषयीच बोलताहेत ना, अशी मला शंका आली. आमच्या ह्यांना मात्र कसलीच शंका नव्हती. ते पोट धरून हसत होते.

उत्तर मात्र कासमभाई द्यायचेच, शांतपणे. गाफ म्हणजे आपली शमी, हे कुणीतरी मला सांगितलं, तर मी काचेच्या फटीतून त्यांना शमीचं माहात्म्य ऐकवलं. दसरा, पांडव, शस्त्रं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. "असेल, वहिनी. तुमच्याकडे हिची पोथी आहे, आमच्याकडे हिची सावली."

अकरा थंड्या त्यांनी आम्हाला त्या रानात नेलं. लाकडं ते फोडायचे, मांस ते भाजायचे, मुलांना वाळूच्या टेकडीवरून घसरायला ते शिकवायचे. त्यांची स्वतःची मुलं गावाला बापाशिवाय मोठी झाली. बायकोला इकडे आणून ठेवायला जेवढा पगार लागतो, तेवढा त्यांचा कधी झालाच नाही. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि मनात येणं यांत फरक असतो.

बाराव्या थंडीत ते दारात आले. मी कधी पाहिला नव्हता असा चेहरा, लग्न ठरलेल्या मुलासारखा.

"वहिनी, घरवाली येतेय. एक महिना, व्हिजिटवर."

"अरे वा! काय काय दाखवणार? मॉल? सोन्याचा बाजार?"

"ते काय, बसच्या खिडकीतनं पण दिसतं. तिला गाफ दाखवायचेत. साहेबांची गाडी मिळाली तर. आणि तुम्ही पण सगळे चला, म्हणजे ती बुजायची नाही."

"म्हणजे काय! जाऊच," मी म्हटलं.

पहिले दोन शुक्रवार हे परदेशी. तिसऱ्याला कासमभाईंनाच ड्यूटी लागली. उरला चौथा, शेवटचा. सोमवारी भाभींचं विमान. आणि त्या शुक्रवारी माझं हळदीकुंकू.

आता संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ते कधीही करता येतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण वरच्या मजल्यावरच्या बाईंनी वीस बायका बोलावल्या होत्या, म्हणून मला पस्तीस हव्या होत्या. आणि पस्तीस जमायच्या तर शुक्रवारच हवा. वाणाला प्लास्टिकचे डबे आणून ठेवले होते. माझी सगळी अब्रू त्या डब्यांत होती.

"कासमभाई, त्या दिवशी जरा अडचण आहे हो." मी सांगितलं.

"खलास. मग शुक्रवार तुमचा."

"आणि शारजाहून बायका यायच्यात. त्यांना आणाल ना?"

"आणतो, वहिनी."

दिवसभर त्यांनी भरजरी साड्यांतल्या बायकांची ने-आण केली. त्यांची स्वतःची बायको तेव्हा प्लायवूडच्या भिंती घालून केलेल्या एका खोलीत एकटी बसली होती. तिला बोलवायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलावलं असतं का, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. संध्याकाळी मी दारातच त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला हं!" ते हसले. "कडू कधी बोललो, वहिनी?" आणि जाता जाता म्हणाले, "पुढच्या थंडीत जाऊ. इन्शाल्ला."

ऑगस्टच्या उन्हात, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडी पुसता पुसता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. आमचे हे शवपेटीबरोबर विमानात गेले. मी डिसेंबरच्या सुट्टीत त्यांच्या गावी गेले.

हलीमाभाभींना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बारीक, सावळ्या, पदर कानामागे घट्ट खोचलेला. अंगणात सुकट वाळत होती. त्यांनी चहा दिला आणि मलाच धीर दिला.

"ते झाडांकडे जायचं तेवढं राहिलं बघा," त्या म्हणाल्या. "ऐन वेळी तुमची गाडी बिघडली ना. सांगत होते, साहेबांना आणि वहिनींना फार वाईट वाटलं म्हणून."

नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. मी कप खाली ठेवला.

"गाडी बिघडली नव्हती, भाभी. माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बायकांना आणायला मी त्यांना पाठवलं होतं."

त्या उठल्या. सुकटीवर बसलेला कावळा हाकलला. परत येऊन बसल्या तेव्हा रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"सकाळी त्या झाडाखाली उभं राहिलं की धुक्याचं पाणी डोक्यावर टपटप पडतं म्हणे. पाऊस नसतानाही अंगावरचे कपडे भिजतात. खरं?"

मी तोंड उघडलं. पोथी मला पाठ होती. पण अकरा थंड्यांत त्या झाडाखाली मी एकदाही उभी राहिले नव्हते.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

हलीमाभाभींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग थोडं जवळ सरकल्या.

"पडतं," त्या म्हणाल्या. "पानं बारीक असतात ना, त्यांना धुकं धरतं. फोनवर सांगायचे ते, दर खेपेला. खालच्या फांद्या उंटांनी खाल्लेल्या असतात, म्हणून सगळी झाडं खालनं कशी एका रेषेत कापल्यासारखी दिसतात..."

आणि ज्या रानात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, ते रान त्या मला दाखवू लागल्या.