घरात तुमी, दुकानात तू

सिद्राममामा वस्तरा परजताना डोळे मिटायचे. भवानी पेठेतल्या त्येंच्या दुकानात नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आन आरशात हे बघितलं, की त्याचा हात आपसूक गळ्याकडं जायचा. मामा म्हनायचे, "घाबरू नगा. धार बघायची नसती, ऐकायची असती." खिळ्याला अडकवलेला कातड्याचा पट्टा डाव्या हातानं ताणून धरलेला. वस्तरा त्येच्यावरनं जायचा, उलटायचा, परत यायचा. नव्या चादरीवरनं हात फिरवल्यागत आवाज. मला मातूर काय बी ऐकू यायचं न्हाय. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा डोळा लागला.

मामा म्हंजे माझ्या बायकूचे सख्खे मामा. मी वळसंगचा. तिसरीत शाळेनं मला सोडलं, बरं केलं, न्हाईतर मास्तरनं शाळा सोडली असती. इळ्यानं कडबा कापायचा, येवढीच माझी विद्या. बायकू म्हनली, "मामाच्या हाताखाली शिका काय तरी." बत्तीस वर्साचा घोडा मी, गेलो.

घरी मामा लई मान द्यायचे. "जावईबापू, तुमी बसा. जावईबापू, भाकर घ्या की." पन दुकानाचा उंबरा वलांडला की, "ए येड्या, केस झाड." बायकूनं इचारलं, तर म्हनले, "घरात त्यो जावई. दुकानात ज्या दिवशी वस्तरा परजता यील, त्या दिवशी तितं बी तुमी म्हनीन. तवर तू."

बायकू म्हनली, "मंग ह्या जल्मात न्हाय."

पैल्याच आठवड्यात मामा च्या प्यायला गेले. मी म्हनलो, दावू आपली कला. इळ्याला काय कमी धार लावलीय? वस्तरा घेतला, धार फुडं केली आन पट्ट्यावर दिला रेटून. खर्र! पट्ट्याला बोटभर चीर.

मामा आले. आधी पट्टा बघितला, मंग मला.

"काय केलंस?"

"घासला, मामा."

"घासायची भांडी. वस्तरा परजायचा असतोय. इळा तोंडानं चालतो, वस्तरा पाठीनं. देवाला पाठ दावायची न्हाय, पट्ट्याला पाठच दावायची. पाठ फुडं, धार मागं. आन उलटवायचा बी पाठीवरच."

मी म्हनलो, "नवा पट्टा आनतो."

"कशाला? तुला सही येत न्हाय न्हवं? ही तुझी सही. ऱ्हाऊ दे."

मामांनी चिरेचे काठ दगडानं गुळगुळीत केले, पन खूण ऱ्हायली. येईल त्येला दावायचे, "ही बघा, जावयाची सही."

फुडं गिऱ्हाइकं ब्लेड मागाया लागली. दाढी झाली की पातं फेकायचं, परजायचं कामच न्हाय. मी ब्लेडवर दाढ्या शिकलो. जुना वस्तरा मामांच्या सोताच्या दाढीपुरता उरला. रोज सकाळी त्यो मी परजायचा आन मामांनी डोळे मिटून ऐकायचं.

"पट्टा ढिला धरलास. धार गोल झाली. जा, लोनी काप ह्येनं."

दुसऱ्या दिशी, "जोर लावतोस. वजन वस्तऱ्याचंच पुरं असतंय. तुझं घरी ठिवून यायचं."

मंग सोता परजायचे आन आरशात बघून दाढी करायचे. अशी सा वर्सं. सा वर्सं मी दुकानात 'तू'च.

मंग मामांच्या उजव्या हातात कापरं भरलं. दाढी वाढाया लागली. मी म्हनलो, "ब्लेडनं करू का?"

"ब्लेडनं? त्यापरीस साधू हुतो."

झालं बी तसंच. एका गिऱ्हाइकानं खरंच पाय धरले. मामांनी आशीर्वाद दिला आन म्हनले, "कटिंग त्या येड्याकडं कर."

दाढी बंद झाल्याच्या अकराव्या दिशी सकाळी मामा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. पैल्यांदाच. मान मागं टाकली, डोळे मिटले. "परज."

मी वस्तरा घेतला. पट्टा ताणला. पाठ फुडं, धार मागं. गेला, उलटला, आला. मी शिवी यायची वाट बघतोय आन शिवी काय यीना. थांबायचं कवा त्ये बी कळंना. घाबरून मीच डोळे मिटले. आन तवा ऐकू आलं. चादरीवरनं हात फिरवल्यागत.

"बास," मामा म्हनले.

साबन लावला. वस्तरा गळ्यापाशी आनला. बघतो तर मामा घोराया लागलेले. सा वर्सं वाटायचं म्हातारा झोपला, आज खराच झोपला, त्ये बी माझ्या धारेखाली.

दाढी झाली. मामांनी कापरा हात गालावरनं उलटा फिरवला. म्हनले, "वस्तरा चांगला परजलात, जावईबापू."

मी मागं वळून बघितलं. दुसरा जावई आला काय म्हनलं! मंग कळलं, मलाच. डोळ्यात पानी आलं. त्या नादात वस्तरा पुसाया गेलो आन अंगठा कापला.

"ए येड्या!" मामा वरडले. म्हंजे 'तुमी' मिन्टभर टिकलं.

मंग रगत बघून हसले. "पन धार मातूर लागलीय."

फुडं सात म्हैने रोज माझ्याच हातनं दाढी केली. गेले त्या दिशी बी गाल गुळगुळीत हुते.

पट्टा अजून खिळ्यालाच हाय. नवं गिऱ्हाईक चिरेवर बोट ठिवून इचारतं, "हे काय झालंय?"

मी म्हनतो, "सही हाय माझी. येवढीच येती."